हणमंतसायेब अन् कंपनीचा मळा

"आले गं बायांनो, आले!"

रविवारी सकाळी ही हाळी आली की आमच्या वस्तीवरची कुत्री भुंकायची थांबायची अन् शेपट्या हलवत कवाडीकडं पळायची. नवख्या माणसाला वाटायचं, कुणाची आत्या न्हाईतर मावशी राह्यला आली. अन् कवाडीतनं आत कोण यायचं, तर सहा फुटी, तांबड्या मानेचा, खाकी अर्ध्या चड्डीतला गोरा बाप्या. एका हातात कुदळ, दुसऱ्या हातात पावाची पिशवी. बाहेर त्याची फटफटी गरम हून टिकटिक करत उभी असायची.

त्याचं खरं नाव हान्नेस. गावानं त्याचा हणमंत केला, अन् गोरा म्हणून वर सायेब लावला. स्वित्झर्लंड म्हणून मुलूख हाय, तितला. तितं डोंगरच डोंगर हायेत अन् गाईच्या गळ्यात हंड्याएवढी घंटा बांधतात, एवढंच मला ठावं, ते बी त्यानंच सांगितलेलं. पिंपरीला कारखाने उभे राह्यला लागले तवा मशिनी बसवायला त्यो आला. आमचे हे पहिल्या उन्हाळ्यात त्याच्या हाताखाली बिगारी व्हते. मशीन बसली की सायेब तिच्यावर हात थोपटायचा, जशी आपण गाय थोपटतो. हे घरी येऊन सांगायचे अन् आमी हसायचो.

आता गडी माणूस असून "आले" का म्हणायचा, तर त्याला मराठी शिकवली आत्याबाईंनी. आत्याबाई म्हंजी माझ्या सासूबाई. दुसऱ्या कुणाला त्याच्यासंगं बोलायला येळ न्हवता. त्या खुरपायला बसल्या की त्यो शेजारी बसायचा, अन् त्या जे बोलतील ते तसंच्या तसं म्हणायचा. "मी दमले." "मी भाकरी केली." "मला मेलीला काय ठावं." सगळं बाईमाणसासारखं. ह्यांनी एकदा समजावून सांगितलं, "सायेब, गडी माणसानं 'आलो' म्हणायचं." त्यानं मान हलवली, म्हणला, "बरं. मी लक्षात ठेवते." मग ह्यांनी नाद सोडला.

पहिल्यांदा त्यो आमच्याकडं आला ते मला अजून दिसतं. आमची वस्ती इंद्रायणीच्या काठाला, चाकणहून तळेगावला जायच्या वाटंवर. गावच्या उरुसाला ह्यांनी त्याला जेवायला बोलावलं व्हतं. मी नवी नवरी, छबी पोटात. गोरं माणूस जवळनं कवा पाह्यलेलं न्हाई, मी दाराआडनं बघत व्हते. त्यो ठेचा खाऊन रडला, डोळं पुसलं अन् पुन्हा ठेचा मागितला. जेवण झाल्यावर नदीकडं हिंडायला गेला. तितं आत्याबाईंच्या नावावरचं दोन एकर पडीक व्हतं. पुराचं पाणी यायचं, दगडगोटं, कुणी त्याच्याकडं बघत नसं. सायबानं तितं वाकून चिमूटभर माती उचलली, कुणाला काय कळायच्या आत जिभंवर ठिवली, अन् डोळं मिटून उभा राह्यला.

आत्याबाईंना वाटलं त्याला काय झपाटलं. त्या पदरानं वारा घालायला धावल्या.

सायेब डोळं उघडून ह्यांना हिंदीत म्हणला, "हमको बेचेगा? ये मिट्टी को भूख लगा है."

नंतर कळलं, त्याचा बाप जन्मभर दुसऱ्याच्या गोठ्यात राबला व्हता. जमीन थोरल्या चुलत्याला गेली, ह्याच्या बापाला काय बी न्हाई मिळालं. म्हणून ह्यो मशिनी शिकला, देशोदेशी हिंडला, पण कुठंबी गेला की माती चाखायचा. आत्याबाईंना ते पटलं. म्हणाल्या, "पोटाचं न्हवं, जिवाचं उपाशी हाय लेकरू." लेकराला तवा पन्नाशी लागली असंल.

जमीन द्यायला आमी तयार व्हतो, त्यो घ्यायला तयार व्हता, अडला कायदा. शेतजमीन ज्यानं घ्यायची त्यो शेतकरीच पाह्यजे, म्हणं. सायेब शेतकरी न्हाई, वर परदेशी. मग पुण्याचा एक वकील आला. काळा कोट, बोलताना सारखा चष्मा पुसायचा. त्यानं आमच्या ओट्यावर बसून सांगितलं, "आपण कंपनी काढू. जमीन साहेबांची नाही, कंपनीची. अन् कंपनीत निम्म्याहून जास्त भाग तुमच्या मुलाच्या अन् सुनेच्या नावावर."

आत्याबाई म्हणाल्या, "कंपनी म्हंजी कोण?"

"कायद्यानं एक माणूसच समजा. कागदावरचा."

"खातो का?"

"नाही."

"राबतो का?"

"नाही."

"खात न्हाई, राबत न्हाई, अन् जमीन मागतो? भूत हाय का त्यो?"

वकिलानं चष्मा पुसला. सायेब इतका हसला की बसलेल्या बाजल्याचा सुंभ तुटला.

मी चौथी शिकलेली. कंपनीच्या कागदावर मला सही करायला लावली तवा मी दोनदा टाक खाली ठिवला, कारण माझ्या माहेरी कागद म्हंजी जप्ती, दुसरा कागद आमी बघितलाच न्हवता. एक सही झाली, दुसरी झाली, तिसरा एक कागद वेगळा व्हता. त्यावर वकिलानं वाचून दाखवलं की कंपनीतला आमचा भाग निस्ता नावाला, खरं सगळं सायबाचं. "हा कागद कुणाला दाखवायचा नाही," असं त्यो म्हणाला. जे दाखवायचं न्हाई ते लिहायचं तरी कशाला? पण सुनेनं काय बोलायचं. सायेब माझ्याकडं बघून म्हणला, "भ्यायलीस? हात चालव, भीती जाते." ते त्याचं नेहमीचंच. कुणी भ्यालं, रुसलं, रडलं, की त्यो हातात खुरपं द्यायचा.

तर अशी मी कंपनीची भागीदार झाले. कंपनीची पाटी आमच्या गोठ्याच्या भिंतीला लागली, कारण कंपनीच्या कचेरीला पाटी लागतेच, अन् कचेरी म्हणून वकिलानं आमच्याच घराचा पत्ता दिला व्हता. पाटीखाली म्हस रवंथ करत बसायची. कंपनीचा लोखंडी शिक्का व्हता, दाबला की कागदावर अक्षरं उठायची. त्यो तुरीच्या डाळीच्या डब्यात ठिवला, म्हंजी पोरीच्या हाताला लागू नये. डाळ काढताना दरवेळी हाताला गार लागायचा अन् दरवेळी मी दचकायचे.

हे कारखाना सोडून मळ्यावर आले. सहा दिवस हे राबायचे, सातव्या दिवशी सायेब. दोघांनी दगड येचले, बांध घातला, पुरापुढं दगडमातीच्या ताली बांधल्या, गाडीगाडीनं शेणखत टाकलं. सायबाच्या खिशात घडीची लाकडी फूटपट्टी असायची. दोन रोपांमधलं अंतर मोजायचा, बांधाची उंची मोजायचा, अन् छबी उभी राह्यला लागल्यावर तिला बी मोजायला लागला. दर रविवारी आल्या आल्या पोरीला दाराच्या चौकटीला टेकवून उभी करायचा अन् पेन्सिलीनं खूण करायचा. लेकराला असं मोजलं की नजर लागती, म्हणून मी भिऊन अर्धमेली व्हायचे. आत्याबाई त्याच्या डोळ्यादेखत पोरीच्या गालाला काजळ फासायच्या. मग त्यानं काय केलं, आधी स्वतःच्या गालाला काजळ लावून घ्यायचा अन् मग पोरगी मोजायचा. म्हणायचा, "आता मोजणारीला पण नजर नाही." तसाच काळा ठिपका घेऊन पिंपरीला परत जायचा.

कायद्याला त्यो फार मानायचा. वकील म्हणाला व्हता, कंपनीची वर्षाला एक सभा लागते, निस्ती कागदावर दाखवली तरी चालंल. सायबाला ते न्हाई पटलं. "सभा म्हणजे सभा." दर वर्षी उन्हाळ्यात, जांभळीखाली घोंगडं टाकून सभा व्हायची. सायेब त्या दिवशी लांब चड्डी घालून यायचा. हे अध्यक्ष. हे घोंगड्याच्या मधोमध मान खाली घालून बसायचे, जसा नवरदेव. मी पदरात छबीला पाजत भागीदार म्हणून बसायचे. आत्याबाईंचा कंपनीत काय बी भाग न्हवता, पण सगळ्यात जास्त बोलायच्या त्याच.

सायेब वही उघडून वाचायचा, "ठराव. बांधावर शेवगा लावायचा. मंजूर?"

हे म्हणायचे, "मंजूर."

आत्याबाई, "न्हाई मंजूर! शेवग्याला सुरवंट येतो. नातीला चावला म्हंजी?"

सायेब लिहून घ्यायचा, "मंजूर. आत्याबाईंचा विरोध नोंदवला."

ते त्यांना फार आवडायचं. विरोध नोंदवला म्हणलं की त्यांचा चेहरा खुलायचा. आयुष्यात त्यांचा विरोध कुणी नोंदवलाच न्हवता. पुढं पुढं त्या शेणखतालाबी विरोध करायच्या, अन् सभा सुटल्यावर स्वतःच पाटीभर शेण आणून टाकायच्या.

असा मळा फुलला. पेरू, लिंबू, कोथिंबीर, मेथी. पडीकाच्या कडंनं जाणारी माणसं थांबून बघायला लागली. अन् मग माझ्या हातनं घोळ झाला.

गावात नवा तलाठी आला व्हता, हौशी. सुट्टीच्या दिवशी बी पीकपाहणी करत हिंडायचा. पीकपाहणी म्हंजी कुठल्या शेतात काय पेरलंय अन् कोण कसतंय, ते त्याच्या वहीत लिहायचं. त्यो नेमका रविवारी आमच्या मळ्यावर आला. ह्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडलेला, म्हणून हे बांधावर बसून काटा काढत व्हते अन् सायबानं नांगर धरलेला. मी छबीला काखंत घिऊन भाकरीची पाटी उतरवत व्हते. आत्याबाई नदीवर.

तलाठ्यानं इचारलं, "बाई, हा मळा कोण कसतं?"

मी खाली मान घालून म्हणलं, "घरचे."

"नाव?"

आता नवऱ्याचं नाव कसं घेणार, त्ये बी परक्या माणसापुढं? आमच्यात घेत न्हाईत. लग्नात घेतलं ते घेतलं. मी नुसता हात केला, ह्यांच्याकडं. मान खालीच व्हती, त्यामुळं हात कुणीकडं गेला ते मी बघितलं न्हाई. तलाठ्यानं माझ्या हाताच्या दिशेनं बघितलं तर समोर नांगरामागं गोरा सायेब. बांधामागं बसलेले हे त्याला दिसलेच न्हाईत. त्यो गालात हसला, "असं होय! ह्यांचं नाव काय सांगायचं, सगळ्या गावाला ठाऊक आहे," म्हणला, वहीत लिहिलं अन् गेला. मला वाटलं, चला, नाव न घेता काम झालं.

चार-सहा महिन्यांनी तालुक्याच्या कचेरीतनं कागद आला. मी अडखळत अडखळत वाचला. "शेतकरी नसलेल्या परदेशी इसमाने कंपनीच्या आडून शेतजमीन धारण केल्याचे दिसते." पुढं हजर राह्यची तारीख. खाली लिहिलेलं, पाहणीत कसणारा म्हणून परदेशी इसमाचंच नाव हाय.

मी कागद पुन्हा वाचला. नाव मीच दिलं व्हतं, माझ्या हातानं. पाण्याला गेले तर बाया म्हणायच्या, "अगं, जमीन सरकार घेणार, अन् तुझ्या मालकाला आत टाकणार. कागदावर त्याचीच सही हाय ना?" एकजण ह्यांना बाजूला घिऊन म्हणाला, "किसनराव, कशाला घाबरता राव? कंपनीत तुमचाच भाग मोठा. सायबाला घाला बाहेर, मळा आपला!" हे इतके चिडले की घरी येऊन जेवले न्हाईत.

रविवारी सायेब आला, "आले गं" म्हणला, अन् मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. काटा, नांगर, हात, सगळं. मला वाटलं आता ह्यो बोलंल, वरडंल. त्यो खाली बसला, मला परत सगळं करून दाखवायला लावलं. मी कुठं उभी व्हते, हात कुठं केला. मग स्वतः नांगराच्या जागी जाऊन उभा राह्यला, ह्यांना बांधावर बसवलं, फूटपट्टीनं बांध मोजला अन् तितनंच ओरडला, "बरोबर! दिसत नाही! तुझी चूक नाही गं, बांध उंच झाला!"

बांध त्यानंच उंच करून घेतला व्हता.

"आता काय व्हणार?" मी इचारलं.

"बघू की."

कचेरीत जायच्या दिवशी आमी बैलगाडीतनं निघालो. सायेब फटफटीवर. पुढं गेला तर आमी घाबरू म्हणून त्यो बैलांच्या चालीनं गाडीमागनं येत व्हता, फटफटी सारखी बंद पडायची, त्यो सारखा लाथ मारायचा. आत्याबाई मागं बघून म्हणाल्या, "त्याच्यापरीस म्हशीवर बसला असता तर आधी पोचला असता."

वकील कचेरीच्या पायरीवर उभा व्हता. त्यानं आमाला पढवलं. "एवढंच सांगायचं. जमीन किसन कसतो. साहेब पाहुणे म्हणून येतात, कुदळीला हात लावत नाहीत. तो वेगळा कागद आहे तो नाहीच. कळलं?"

आत्याबाई म्हणाल्या, "मग त्याच्या हाताला घट्टे कशानं पडले? टाळ्या वाजवून?"

"आजी, तुम्ही आत बोलायचं नाही."

"माझा इरोध नोंदवा," म्हणाल्या.

मला मात्र काय सुचत न्हवतं. आत देवाची शपथ घ्यायला लावतात हे मी ऐकलं व्हतं. शपथ घिऊन खोटं बोलायचं, अन् लेकरू काखंत. खरं बोलावं तर ह्यांना धरतील.

मामलेदार रावसायेब वयानं मोठे, शांत. मला पुढं बोलावलं, शपथ दिली. "बाई, मळा कोण कसतं?"

"घरचे."

"नाव?"

मी पदर पुढं ओढला. कारकून म्हणाला, "बाई, नावाशिवाय काय लिहू? घरचे म्हणून लिहू?"

रावसायबांनी हातातला टाक खाली ठिवला. "थांबा. बाई, तलाठी आला होता तेव्हाही तुम्ही असंच केलंत का? नाव घेतलं नाहीत?"

मी मान हलवली अन् हात करून दाखवला.

ते हसायला लागले. "अरे, सगळा खटला या हातावर उभा आहे!" मग मऊ आवाजात म्हणाले, "लग्नात घेतलं होतंत ना? तसं घ्या. इथं तेवढं चालतं."

सगळी कचेरी माझ्याकडं बघत व्हती. शिपाई दारातनं वाकून बघत व्हता. हे तर मान खाली घालून भुईत जायचे बाकी. मी छबीला घट्ट धरलं, डोळं मिटलं अन् एका दमात म्हणलं,

"नांगरामागं चालली बगळ्यांची रांग,
किसनरावांनी कसला मळा, कागदा खरं सांग!"

शिपाई म्हणाला, "वा!" कारकुनानं लिहून घेतलं, कुठवर लिहिलं देव जाणे. वकील ताडकन उठला. "रावसाहेब, झालं तर मग! पाहणीतली नोंद चुकीची. विषय संपला."

संपलाच व्हता. पण रावसायबांनी माझ्याकडं बघून सहज इचारलं, "मग साहेब तिथं काय करतात?"

पाहुणे, एवढा एकच शब्द बोलायचा व्हता. माझ्या तोंडातनं निघंना. मी वकिलाकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं. पोरगी रडायला लागली. आत्याबाईंनी पुढं येऊन तिला घेतली.

मागनं खुर्ची सरकली. हणमंतसायेब उभा राह्यला.

"तिला विचारू नका. भ्यायलीय. मला विचारा." दोन्ही तळवे पुढं केले, घट्ट्यांचे. "मी पण कसते, रावसाहेब. दर रविवारी."

कारकुनाला ठसका लागला. एवढा दांडगा गडी "कसते" म्हणतोय. पण कुणी हसायच्या आत सायबानं सदऱ्याच्या खिशातनं घडी केलेला कागद काढून टेबलावर ठिवला. ज्यो कुणाला दाखवायचा न्हवता त्योच. वकिलानं चष्मा काढला अन् या खेपंला पुसलाच न्हाई, निस्ता हातात धरून बसला.

"मळ्याचे पैसे माझे," सायेब म्हणला. "कंपनी कागदाची. ह्या माणसांनी सही केली कारण मी म्हणले. ह्यांना काही करू नका."

रावसायबांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "हा तुम्ही काढला नसता तर आज तुम्ही सुटला होतात."

"हो. आणि ही पोरगी खोटं बोलली असती, माझ्यासाठी. ते मला नको."

मग रावसायबांनी जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच नीट ऐकलं, कारण ते आमाला कळंल असं बोलले. शेतकरी नसलेल्यानं परवानगी न घेता शेतजमीन घेतली तर ती घेणं खरं न्हाई. मधी कंपनी उभी केली म्हणून घेणारा बदलत न्हाई. जे लपवायला कागद केला त्यो कागद आज न उद्या वर येतोच, अन् तवा ज्याचा पैसा त्याचा पैसा जातो, ज्याची सही त्याच्या गळ्याला फास लागतो. आता दोन वाटा. एक, जमीन सरकारजमा. दुसरी, तीन महिन्यांत सगळं आधी व्हतं तसं करायचं. जमीन ज्याची व्हती त्याला परत. मग कुणावर काय बी न्हाई.

"जमीन कुणाची होती?"

"माझी," आत्याबाई म्हणाल्या, छबीला झुलवत.

सायेब त्यांच्याकडं वळला. "आत्याबाई, परत घेते का?"

आत्याबाईंनी छबीला माझ्याकडं दिली, पदरानं डोळं पुसलं अन् मान हलवली.

बाहेर आल्यावर वकील सायबावर लई तापला. सायेब त्याला म्हणला, "चहा घे. हात थंड पडलेत तुझे." अन् खरंच चहा पाजला.

गावानं मग बोलायचं ते बोलून घेतलं. "गोऱ्याला राबवला अन् गिळला. फुलवलेला मळा फुकटात." ह्यांना ते फार लागलं. जमिनीचे पैसे तर नणंदंच्या लग्नात अन् बैलात कवाच गेलेले. हे सायबाला म्हणले, "मी फेडीन, थोडं थोडं." सायेब म्हणला, "किती रविवार मी इथं जेवले? ठेचा धरून मोज." हे मोजत बसले, त्यो खणायला निघून गेला.

शेवटची सभा जांभळीखाली झाली. लांब चड्डी, वही, सगळं नेहमीसारखं.

"ठराव. कंपनी बंद करायची. मंजूर?"

हे कसंबसं म्हणाले, "मंजूर." मी बी म्हणलं.

आत्याबाई उठून उभ्या राह्यल्या. "न्हाई मंजूर."

सायबानं लिहिलं, "आत्याबाईंचा विरोध नोंदवला." अन् त्या पानावर त्याचा टाक जरा जास्त येळ थांबला.

पाटी आता कोंबड्यांच्या खुराड्यावर हाय. शिक्का वकील घिऊन गेला. डाळ काढताना अजून माझी बोटं त्यो गार लागायची वाट बघतात.

पुढच्या रविवारी सायेब आला न्हाई. त्याच्या पुढच्याबी न्हाई. मला वाटलं रागावला. आता त्याचा पाय कशाला इकडं वळंल. ह्यांनी पिंपरीहून बातमी आणली, त्याचं मशिनीचं काम उरकलं, बोटीचं तिकीट आलंय.

तिसऱ्या रविवारी फटफटी लांबच थांबली. हाळी आली न्हाई. कुत्री कान टवकारून बसली, पळाली न्हाईत. मी छबीला घिऊन बाहेर आले तर त्यो कवाडीच्या पल्याड उभा. टोपी हातात, कुदळ न्हाई. चार वर्षं ज्या कवाडीतनं वरडत आत यायचा तिच्यावर हात सुद्धा ठिवला न्हवता त्यानं.

"आत्याबाई," त्यानं इचारलं, "आत येऊ का?"

आत्याबाई चुलीपुढनं उठून दारात आल्या. कमरेवर हात. "दोन रविवार कुठं मेला व्हतास? पोरगी बोटभर वाढली, खूण कोण करणार?"

मी धावत जाऊन कवाडी उघडली. त्यानं गालाला काजळ लावून घेतलं, पोरगी मोजली, खूण केली. दोन रविवारांची जागा मोकळी सोडली. मग आमच्यासंगं मळ्यात आला. पेरूच्या झाडाखाली वाकला, चिमूटभर माती उचलली. जिभेपाशी नेली अन् थांबला. माझ्याकडं बघितलं.

"घेऊ?"

मी नुसती मान हलवली.

त्यानं माती जिभंवर ठिवली, डोळं मिटले. नदीचा वारा व्हता. आत्याबाई पदराचं टोक दातात धरून उभ्या. त्यानं डोळं उघडले अन् हसला, गालावरच्या काजळासकट.

"पोट भरलंय गं हिचं."